पिवळ्या दिव्याची साक्ष

किल्ली फिरवली की मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागतात. इंजिनचा, बॅटरीचा, ऑइलचा, हँडब्रेकचा आणि त्यांच्यातच एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचा, पिवळा. दोन-तीन सेकंदांत हा पिवळा विझायला हवा. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीत तो पुष्कळदा विझतच नाही, किंवा विझतो आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पुन्हा लागतो. चिपळूणला माझं गॅरेज आहे आणि काम वायरमनचं. अशी गाडी आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मेस्त्री, ब्रेक तर चांगला लागतोय, दिवा तेवढा घालवा." दिवा घालवायला पाच मिनिटं पुरतात, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. चाक जाम होऊ नये म्हणून माणसाने पहिलं यंत्र केलं त्यापासून हा दिवा मोटारीत येईपर्यंत सत्तर वर्षं गेली. त्या सत्तर वर्षांत काय घडलं हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

मी काम शिकलो कुर्ल्याला. तिथे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. त्यातून निघालेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी मुंबईभर टॅक्सी म्हणून धावत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेक ऑइलवर चालणारे, मध्ये इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. उस्ताद गाडी जॅकवर घ्यायचे, चाक हाताने फिरवायचे आणि आतला लायनर ड्रमला किती घासतोय ते कान लावून ऐकायचे. चारही चाकांचा आवाज सारखा येईपर्यंत ब्रेक सेट करायचे. एक चाक आधी धरलं तर गाडी त्या बाजूला ओढते आणि पावसात तेच चाक आधी जाम होतं, हे त्यांनी आम्हाला पक्कं शिकवलं होतं. टॅक्सीवाल्यांनाही ते सांगत, की ओल्या रस्त्यावर पाय दाबून ठेवू नका, पंप करत ब्रेक मारा.

त्या सांगण्यामागचं शास्त्र असं आहे. फिरणारा टायर रस्त्याला धरून असतो. ब्रेक लावल्यावर तो रस्त्यापेक्षा किंचित हळू फिरतो, थोडासा घसरतो. या थोड्याशा घसरणीतच त्याची पकड सर्वांत जास्त असते. ब्रेक त्याहून जोरात दाबला की चाक पूर्ण थांबतं आणि टायर नुसता फरफटतो. मग पकड तर कमी होतेच, शिवाय स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही, कारण गाडी वळते ती पुढच्या फिरणाऱ्या चाकांमुळे. जाम झालेलं चाक कुठल्याही दिशेला सारखंच घसरतं. पाय सोडून पुन्हा दाबला की चाक पुन्हा फिरू लागतं आणि गाडी ताब्यात येते. चांगला ड्रायव्हर हे एका सेकंदात एखाद-दोनदा करू शकतो. समोर अचानक म्हैस आली की चांगला ड्रायव्हरही ते विसरतो आणि जीव खाऊन ब्रेक दाबतो. म्हणून हे काम यंत्रावर सोपवायची कल्पना निघाली.

ती आधी निघाली रेल्वेत. जाम झालेलं लोखंडी चाक रुळावर घासून एका जागी चपटं होतं. 1908 मध्ये जे. ई. फ्रान्सिस याने रेल्वेच्या चाकांची घसरण रोखणारं नियंत्रक मांडलं. 1928 मध्ये जर्मनीत कार्ल वेसेल याने मोटारीच्या ब्रेकचा जोर आवरणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, 1936 मध्ये बॉश कंपनीनेही घेतलं. कागदावर सगळं बरोबर होतं. पण चाक जाम व्हायला लागलंय हे ओळखून, ते होण्याआधी, सेकंदाच्या छोट्याशा भागात ब्रेक सोडेल असं यंत्र त्या काळच्या लोखंडातून आणि स्प्रिंगांतून होत नव्हतं.

विमानांना त्याची निकड जास्त होती. वैमानिक चाकांपासून दूर बसतो. चाक जाम झालेलं त्याला कळत नाही आणि काही क्षणांतच टायर घासून फुटतो. डनलॉपने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्सारेट नावाचं यंत्र आणलं. त्यात चाकाबरोबर फिरणारं एक जड फ्लायव्हील असे. चाकाचा वेग एकदम उतरला तरी फ्लायव्हील आपल्या जोरावर पुढे फिरत राही, आणि त्या फरकाने व्हॉल्व्ह उघडून ब्रेकचा दाब सुटे. चाकाने वेग धरला की दाब परत येई. सगळं यांत्रिक, वायर एकही नाही. व्हिकर्स व्हायकाउंट या प्रवासी विमानांवर मॅक्सारेट वापरलं गेलं, आणि 1957 पासून इंडियन एअरलाइन्सकडेही व्हायकाउंट विमानं आली. चाक जाम न होऊ देणारी ही विद्या रस्त्यावर उतरण्याआधी आपल्या आकाशात पोचली होती.

रस्त्यावर ती उतरता उतरता राहिली, तीही आपल्या ओळखीच्या गाडीवरून. 1958 मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिओर मोटरसायकलवर मॅक्सारेट बसवून चाचण्या घेतल्या. दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं की माणूस पडतोच, म्हणून तिला याचा उपयोग सर्वांत जास्त, असं त्या चाचण्यांतून दिसलं. कंपनीने मात्र ते उत्पादनात घेतलं नाही. त्याच काळात मद्रासला एनफिल्डच्या बुलेट जोडल्या जात होत्या. आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या दुचाक्यांच्या नव्या मॉडेलांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल 2018 पासून. मधली साठ वर्षं पावसाळ्यात पुढचा ब्रेक दाबून पडलेल्या माणसांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मला मात्र तो विषय निघाला की आजही बेचैन व्हायला होतं.

मोटारीत मॅक्सारेट प्रथम विक्रीला आलं 1966 च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत. चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी ती महागडी गाडी, आणि तिच्या जेमतेम 320 गाड्या बनल्या. अमेरिकेत फोर्डने 1969 मध्ये फक्त मागच्या चाकांसाठी आणि क्रायस्लरने 1971 मध्ये इम्पीरियल गाडीच्या चारही चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली. सर्वसाधारण मोटारीत मात्र यांतली एकही रुळली नाही.

जर्मनीत टेल्डिक्स कंपनीत हाइन्झ लायबर आणि त्याचे सहकारी 1960 च्या दशकाच्या मध्यापासून यामागे लागले होते. डाइम्लर-बेन्झने त्यांच्याबरोबर केलेली पद्धत 1970 मध्ये उंटरटुर्कहाइमच्या चाचणी ट्रॅकवर पत्रकारांना दाखवली. ती उत्तम चालली, पण त्या दिवसापुरती. तिच्या कंट्रोल युनिटमध्ये सुमारे हजार सुटे इलेक्ट्रॉनिक भाग होते. थंडी, उष्णता, हादरे, ओल यांत हजारातला एखादा भाग कधी दगा देईल याचा नेम नव्हता. आणि ब्रेकमध्ये दगा म्हणजे काय? नको तेव्हा ब्रेकचा दाब सोडणारं यंत्र! असं यंत्र नसलेलं बरं. म्हणून ते गिऱ्हाइकाला विकायचं नाही असं ठरलं, आणि काम आणखी आठ वर्षं चाललं. त्या थांबण्याबद्दल मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो.

बॉशने पुढे टेल्डिक्समध्ये भागीदारी घेतली आणि हे काम आपल्याकडे आणलं. डिजिटल चिप आल्या, हजार भागांचे 140 झाले. स्वीडनमधल्या आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर चाचण्या झाल्या. ऑगस्ट 1978 मध्ये नवी पद्धत जाहीर झाली आणि वर्षअखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये जास्तीचे पैसे भरून ती मिळू लागली. चाकाजवळचा सेन्सर वेग सांगतो. एखादं चाक इतरांपेक्षा फारच लवकर मंदावलं की कंट्रोल युनिट त्या चाकाचा दाब आधी रोखतं, मग सोडतं, मग पुन्हा देतं. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. पेडलखाली पायाला जाणवणारी धडधड ती हीच.

या पद्धतीची खरी कमाई मला आणखी एका गोष्टीत दिसते. तिला स्वतःवर पहारा ठेवायला शिकवलं होतं. किल्ली फिरवली की कंट्रोल युनिट आधी स्वतःला आणि व्हॉल्व्हच्या वायरिंगला तपासतं. गाडी चालू लागली की चारही सेन्सरचे वेग ताडून बघतं. काहीही पटलं नाही की रिले पाडून एबीएस बंद करतं. रिले पडला की व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागी येतात, आणि त्या जागी पायाचा दाब सरळ चाकांना मिळतो. म्हणजे गाडीला कुर्ल्याच्या फियाटसारखा साधा ब्रेक उरतो. आणि पिवळा दिवा लागतो. त्या काळच्या अनेक गाड्यांत त्याची वायरिंग अशी होती की रिले पडला की दिव्याला अर्थिंग आपोआप मिळे. कंट्रोल युनिट काढून घरी ठेवलं तरी दिवा लागायचा. पहारेकरी नसला तर तेही कळलं पाहिजे, इतका विचार त्या दिव्यामागे झाला होता.

आपल्याकडे एबीएस 1990 च्या दशकात महागड्या मॉडेलांबरोबर आलं आणि आमच्या धंद्यातले लोक गडबडले. चाक फिरवून कान लावला तर कळेल, असं यात काही राहिलं नव्हतं. पहिला आधार मिळाला लुकलुकीचा. त्या काळच्या बऱ्याच गाड्या बिघाड याच दिव्यावर सांगत. जुन्या टोयोटा गाड्यांत डायग्नोसिस कपलरच्या दोन ठरलेल्या पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की दिवा लुकलुकू लागे. तीनदा लुकलुकून थांबला आणि मग एकदा लुकलुकला, म्हणजे 31, उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा सेन्सर. 32 म्हणजे डावा पुढचा, 33 आणि 34 मागचे. दुरुस्ती झाल्यावर ब्रेकचं पेडल तीन सेकंदांत आठदा दाबलं की जुनी नोंद पुसली जाई. हातात वायरचा तुकडा आणि डोळे मीटरवर, एवढ्यावर काम चाले.

मग स्कॅनर आले. अमेरिकेत 1996 पासून सगळ्या नव्या गाड्यांना बिघाड वाचायचं सारखं ओबीडी-2 कपलर सक्तीचं झालं. भारतात धुराच्या बीएस-4 नियमांबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा 2010 मध्ये आणि दुसरा 2013 मध्ये आला. पण हा कायदा धुराचा होता, ब्रेकचा नव्हे. म्हणून बाजारात मिळणारा स्वस्त कोड रीडर इंजिन वाचतो आणि एबीएसपाशी गप्प बसतो. त्याने सगळं ठीक दाखवलं म्हणून पिवळा दिवा खोटा, असं मानून बरेच जण फसतात. एबीएसचा कोड काढायला त्या कंपनीच्या पद्धतीशी बोलणारा स्कॅनर लागतो.

तो असला तरी काम संपत नाही. कोड म्हणतो, 'डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट'. त्या सर्किटात सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, दातेरी रिंग आहे आणि बेअरिंगही आहे. यातलं कुठलं बिघडलंय ते स्कॅनर सांगत नाही. तरी कोड बघून लगेच सेन्सर मागवायची रीत पडली आहे. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि दिवा चार दिवसांनी पुन्हा लागतो.

माझी पद्धत जुनीच आहे, कुर्ल्याची. आधी बॅटरी. ती मरगळली असली की स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली जातं आणि एबीएस लगेच तक्रार करतं. मग फ्यूज, ब्रेक ऑइलची पातळी, आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत का. एक टायर लहान असला तर ते चाक कायम जास्त वेगाने फिरतं आणि कंट्रोल युनिटला संशय येतो. त्यानंतर कोड, आणि मग चाक जॅकवर.

जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार. त्याच्यासमोरून रिंगचे दाते गेले की तारेत वीज उठते. तिचा रेझिस्टन्स बहुतेक एक-दोन हजार ओहमच्या आत असतो. मीटरने अनंत दाखवलं तर तार तुटली. पण तेवढ्यावर मी थांबत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवतो. काहीशे मिलिव्होल्ट एकसारखे यायला हवेत. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एका जागी आकडा पडत असेल तर रिंगचा दाता गेलाय किंवा रिंग तडकली आहे. वायर हलवताना आकडा नाहीसा झाला तर ती आतून तुटली आहे. चाक वळतं आणि खड्ड्यात वर-खाली होतं तिथे, सस्पेन्शनजवळ, ती बहुतेक तुटते. या सेन्सरची वीज चाकाच्या वेगावर अवलंबून असते, गाडी रांगत असताना ती फारच थोडी असते. म्हणूनच दिवा कधी कधी गल्लीच्या टोकाला लागतो. किल्ली फिरवताना वायरिंग जोडलेली दिसते, आणि गाडीने वेग घेतला की चूक उघडी पडते.

कोकणात या सगळ्याला गंज येऊन मिळतो. खारी हवा, चार महिने पाऊस, लाल चिखल. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो आणि सेन्सरला वर उचलतो. मिलिमीटरभराचं अंतर वाढलं की हळू वेगात सिग्नल येईनासा होतो. चाक जाम झालं असं समजून एबीएस ब्रेक सोडू लागतं. मालक सांगतो, "गाडी थांबता थांबता पेडल थरथरतं आणि गाडी पुढे सरकते." तेव्हा दिवा लागलेला नसतो, तरी मी ती गाडी थांबवून ठेवतो. सेन्सर चांगला असतो. बैठक घासून साफ केली, नवा गंज धरू नये अशी तजवीज केली की काम होतं. नव्या पद्धतीत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. डोळ्यांना ती दिसत नाही, ओहम मोजून त्या सेन्सरचं काही कळत नाही, आणि बेअरिंग उलटं ठोकलं तर सेन्सरला वेग कधीच दिसत नाही. अशी गाडी आली की मी पहिला प्रश्न विचारतो, अलीकडे बेअरिंग कुठे बदललंत?

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. पाणी उतरल्यावर आलेल्या गाड्या इंजिन साफ करून, ऑइल बदलून सुरू झाल्या. एबीएसच्या तक्रारी महिन्यांनी येऊ लागल्या. वायरच्या तारांमधून पाणी वर ओढलं जातं, कपलरच्या पिनांना हिरवा कार्बन धरतो, पंपावर बसलेल्या कंट्रोल युनिटच्या आत ओल राहते. मुंबईच्या 26 जुलै 2005 च्या पुरानंतरही अशा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून जुन्या बाजारात आल्या होत्या. पुराची गाडी ओळखायची तर सीट आणि गालिचा बघून भागत नाही. हा दिवा बघावा लागतो.

आणि नेमका हाच दिवा लोक मारतात. कोणी बल्ब काढतो, कोणी काळी पट्टी चिकटवतो. जास्त हुशार असतो तो एबीएसच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतो. किल्लीवर लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, विकत घेणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. मग तो माणूस पावसात कुंभार्ली घाट उतरतो, गाडीत एबीएस आहे या भरवशावर ब्रेक पूर्ण दाबतो, आणि चाकं जाम होतात. ज्या दिव्यासाठी मोठमोठ्या कारखान्यांनी तयार झालेलं यंत्र आठ वर्षं बाजारात आणलं नाही, तो दिवा शंभर रुपयांसाठी खोटं बोलायला लावायचा, हा मला आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा वाटतो.

कायद्याने आता आपलं काम केलं आहे. एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलांना आणि एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे येत्या काही वर्षांत जुन्या बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी एबीएसची असेल, आणि स्वस्तात घेणाऱ्याला हा दिवा वाचता आला पाहिजे. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे. लागलाच नाही तर गाडी घेऊ नका. इंजिन सुरू न करता किल्ली तशीच ठेवून बघा, तो इतर दिव्यांच्या आधी आपल्या वेळेने विझायला हवा. इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दिव्याबरोबरच विझत असेल तर वायर तपासून घ्या. पिवळा एकटा लागलेला असेल तर साधा ब्रेक आहे, अंतर ठेवून हळू चालवून गॅरेज गाठा. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी तिथेच उभी करा. ब्रेक ऑइल गेलेलं असू शकतं, किंवा मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हे ठरवणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. मुरुमाच्या रस्त्यावर मात्र एबीएस चालू असतानाही गाडी थोडी लांबच थांबते, तिथे वेग आधीच कमी करा.

माझ्याकडे कंट्रोल युनिट गेलेल्या जुन्या गाड्याही येतात, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला न परवडणारा असतो. कोणावर जबरदस्ती करता येत नाही. चारही चाकांचे साधे ब्रेक नीट सेट करून देतो, जसे उस्तादांनी शिकवले तसे, चाक फिरवून आणि कान लावून. बिलावर लिहितो, 'एबीएस बंद, साधा ब्रेक चालू'. दिवा मात्र लागलेलाच ठेवतो. उद्या ती गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल, आणि बिल त्याच्यापर्यंत पोचणार नाही.